वतन, उपरी आणि शेजारी : मराठी बायबलच्या शब्दांतून दिसणारी ख्रिस्ती समाजकल्पना

१. विषयप्रवेश

मनुष्यसमाज कोणत्या पायावर उभा राहावा आणि माणसामाणसांतील नात्यांचे स्वरूप काय असावे, याविषयी प्रत्येक धर्मपरंपरेची काही निश्चित धारणा असते. ख्रिस्ती परंपरेत ही धारणा ईश्वराच्या योजनेच्या रूपाने व्यक्त होते. समाज हा माणसांनी सोयीसाठी केलेला व्यवहार नसून निर्मात्याच्या हेतूचा एक भाग आहे, असे ही परंपरा मानते. परंतु ही योजना बायबलमध्ये एखाद्या शास्त्रग्रंथाप्रमाणे एका ठिकाणी सूत्रबद्ध केलेली आढळत नाही. ती कथा, विधिनियम, स्तोत्रे, दृष्टांत आणि पत्रे यांत विखुरलेली आहे. म्हणून तिचा शोध घेण्याचा एक विश्वसनीय मार्ग म्हणजे नात्यांचे वाचक असलेल्या शब्दांचा मागोवा घेणे हा होय.

मराठीच्या अभ्यासकाला या मार्गाचे विशेष आकर्षण वाटावे असे एक कारण आहे. मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांना मराठी प्रतिशब्द देताना भाषांतरकारांना दख्खनच्या ग्रामव्यवस्थेतील आणि दफ्तरातील शब्द हाताशी घ्यावे लागले. विल्यम कॅरी यांचा मराठी ‘नवा करार’ श्रीरामपूर येथे १८११ मध्ये छापला गेला. अमेरिकन मिशनचा ‘नवा करार’ मुंबईत १८२६ मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या दीर्घ परंपरेतून आज रूढ असलेल्या मराठी बायबलची भाषा घडली आहे. तिच्यात ‘वतन’, ‘उपरी’, ‘वारस’, ‘करार’, ‘दत्तक’ हे शब्द पानोपानी भेटतात. हे सर्व शब्द जन्मसिद्ध हक्कांच्या जगातले आहेत. ख्रिस्ती समाजकल्पना मात्र जन्मसिद्ध हक्कालाच दुय्यम ठरवू पाहते. शब्द एका व्यवस्थेचे आणि आशय तिला छेद देणारा, अशी ही स्थिती आहे. तिचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. प्रतिमा आणि साहाय्यक

‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील निर्मितीकथा हा ख्रिस्ती समाजविचाराचा आरंभबिंदू होय. तेथे मनुष्यासाठी ‘आदाम’ हा शब्द येतो आणि त्याचा ध्वनिसंबंध ‘अदामा’ म्हणजे माती या शब्दाशी जोडलेला आहे. मातीतून घडलेल्या या प्राण्याला देवाची प्रतिमा म्हटले आहे. प्राचीन पश्चिम आशियात देवाची प्रतिमा म्हणून गौरविला जाई तो राजा. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात हा राजगौरव सरसकट मनुष्यजातीला, आणि तोही नर व नारी असा स्पष्ट उल्लेख करून दिला आहे. ख्रिस्ती विचारातील मानवी प्रतिष्ठेची कल्पना या एका स्थानांतरावर उभी आहे.

दुसऱ्या अध्यायात मनुष्याचे एकटेपण चांगले नाही असे देव म्हणतो. निर्मितीच्या क्रमात ‘चांगले’ हा अभिप्राय वारंवार आल्यानंतर ‘चांगले नाही’ असा अभिप्राय येथे प्रथमच येतो. त्यावरून मनुष्य हा मुळातच नात्यासाठी घडविलेला आहे, असा निष्कर्ष ख्रिस्ती भाष्यकारांनी काढला आहे. या एकटेपणावर उपाय म्हणून स्त्रीची निर्मिती होते. तिच्यासाठी वापरलेल्या ‘एझेर केनेग्दो’ या पदांचे रूढ मराठी भाषांतर ‘अनुरूप साहाय्यक’ असे आहे. आजच्या मराठी वाचकाच्या मनात ‘सहायक’ म्हटले की कार्यालयातील दुय्यम पद उभे राहते. हिब्रूत ‘एझेर’ला ती छटा नाही. जुन्या करारात हा शब्द बहुतेक ठिकाणी खुद्द देवासाठीच, संकटात धावून येणारा या अर्थाने आलेला आहे. ‘केनेग्दो’चा अर्थ ‘त्याच्या समोरचा, त्याच्या तोडीचा’ असा होतो. तेव्हा ‘अनुरूप’ हा शब्द योग्यच म्हणावा लागेल; ‘साहाय्यक’ या शब्दाचे वजन मात्र काळाच्या ओघात घटले आहे. भाषांतर न बदलताही अर्थ बदलू शकतो, याचे हे एक उदाहरण.

३. वतन आणि उपरी

निर्मितीकथेतील व्यापक तत्त्व इस्राएलाच्या विधिनियमांत जमिनीच्या प्रश्नावर येऊन ठेपते. कनान देशाची भूमी कुळांना वाटून दिल्यावर प्रत्येक कुळाच्या वाट्याला जो कायमचा भाग आला त्याला हिब्रूत ‘नहला’ म्हणतात. मराठी बायबलने त्यासाठी ‘वतन’ हा शब्द घेतला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वास्तव्याचे ठिकाण, स्वदेश असा आहे. दख्खनमध्ये त्याला वंशपरंपरागत अधिकार व त्याबरोबर येणारी जमीन किंवा उत्पन्न असा विशिष्ट अर्थ प्राप्त झाला. राजे आले आणि गेले, वतन मात्र टिकले, असा आपला इतिहास आहे. त्यामुळे नाबोथाची कथा मराठी वाचकाला परकी वाटत नाही. अहाब राजा नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर मन ठेवतो आणि त्याच्या मोबदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. नाबोथ मात्र वडिलार्जित वतन देण्यास नकार देतो. राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमाराने ठार करविते आणि एलीया संदेष्टा राजाला त्याबद्दल जाब विचारतो. वतन सोडण्यापेक्षा राजाचा रोष पत्करणारा माणूस महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे.

परंतु साम्य येथेच संपते. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन कायमची विकण्यास मनाई केली आहे. पन्नासाव्या म्हणजे ‘योबेल’ वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी आणि कर्जापायी दास झालेल्या इस्राएलीने आपल्या घरी परतावे, असा नियम तेथे आहे. या नियमाचे कारण असे दिले आहे की, जमीन देवाची आहे आणि ती कसणारे सर्वजण देवाच्या आश्रयाने राहणारे परके व उपरी आहेत. या नियमाची इस्राएलात कितपत अंमलबजावणी झाली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. समाजविषयक कल्पना म्हणून त्याचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही.

येथील ‘उपरी’ या शब्दाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालात पेशवाईतील गावकऱ्यांचे जे वर्णन आहे त्यात मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग दाखविले आहेत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे. सारा भरीत आहे तोवर त्याला काढता येत नसे आणि गावच्या मानपानात त्याला स्थान असे. उपरी हा मुदतीच्या कौलाने जमीन कसणारा. त्याला ना हक्क, ना मान. हिब्रूत ‘गेर’ म्हणजे देशात वस्ती करून राहिलेला, पण ज्याला तेथे वतन नाही असा माणूस. ‘गेर’साठी मराठीत अनेक ठिकाणी योजलेला ‘उपरी’ हा प्रतिशब्द म्हणूनच कमालीचा नेमका आहे. मात्र ‘लेवीय’चे वरील विधान या शब्दाने वाचले की त्याची धार कळते. दख्खनच्या गावात काही मिरासदार असत व काही उपरी असत. या विधानानुसार देवापुढे मिरासदार कोणीच नाही, सर्वच उपरी आहेत. ज्यांना आपण वतनदार म्हणतो तेही आश्रयाने राहिलेले आहेत. वतनाची शाश्वती ज्या जगात सर्वोच्च मानली जाई, त्या जगाच्याच शब्दांत हे विधान केलेले आहे.

येथे शब्दांच्या कुळाविषयी एक निरीक्षण नोंदविणे उचित होईल. मराठीत फारसीच्या मार्गाने आलेले ‘वारस’ आणि ‘मिरास’ हे दोन्ही शब्द अरबीतील एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत आणि बायबलमध्ये वारशासाठी येणारे हिब्रू क्रियापद ‘याराश’ हे त्याच धातूचे सगोत्र आहे. तसेच हिब्रू ‘गेर’चा सगोत्र अरबी शब्द ‘जार’ हा असून त्याचा अर्थ ‘शेजारी’ असा आहे. एका भाषेतला उपरी हा दुसऱ्या भेगिनीभाषेत शेजारी ठरतो. या भाषिक योगायोगावर धर्मविचार उभारणे सयुक्तिक होणार नाही. तथापि बायबलमध्येही या दोन कल्पना एकमेकींच्या जवळ येतात, हे पुढे दिसून येईल.

४. शेजारी

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा ‘लेवीय’च्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तेथील हिब्रू शब्द ‘रेअ’ याचा अर्थ सोबती, आपल्यातला माणूस असा आहे. संदर्भावरून ही आज्ञा स्वजनांपुरती आहे, असे कोणास वाटणे शक्य आहे. परंतु त्याच अध्यायात पुढे देशात राहणाऱ्या ‘गेर’विषयी जवळजवळ त्याच शब्दांत प्रीतीची आज्ञा येते आणि तिच्या पुष्ट्यर्थ इस्राएल स्वतः मिसर देशात उपरा होता याची आठवण करून दिली जाते. स्वतःच्या उपरेपणाची स्मृती हा येथे परक्याशी नाते जोडण्याचा आधार ठरतो.

नव्या करारात हिब्रू ‘रेअ’च्या जागी ग्रीक ‘प्लेसिऑन’ हा शब्द येतो. हे मुळात ‘जवळ’ या अर्थाचे क्रियाविशेषण आहे. त्याला उपपद लावून ‘जवळचा’ असे नाम केले जाते. मराठी ‘शेजारी’ची स्थिती याच्याशी विलक्षण जुळते. ‘घराशेजारी’ म्हणताना तो स्थलवाचक असतो. ‘आमचा शेजारी’ म्हणताना व्यक्तिवाचक. दोन्ही भाषांत नाते हे स्थानावरून ठरते, आणि नेमकी हीच या शब्दाची मर्यादा आहे. मराठी गावात कोण कोणाशेजारी राहील हे जातीने ठरविलेले होते. आळ्या जातवार होत्या. महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर होते. अशा रचनेत शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा स्वजातीची आळी न ओलांडताही अक्षरशः पाळता आली असती.

‘लूक’च्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी माणसाचा दृष्टांत या मर्यादेलाच हात घालतो. माझा शेजारी कोण, असा प्रश्न एक शास्त्री येशूला विचारतो. हा सीमा आखून मागणारा प्रश्न आहे : कोणापर्यंत प्रीती करणे बंधनकारक, आणि कोठून पुढे नाही? उत्तरादाखल येशू कथा सांगतो. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला एक मनुष्य पडलेला आहे. याजक बाजूने निघून जातो, लेवीही निघून जातो. यहूदी ज्यांच्याशी व्यवहार टाळीत असा एक शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चासाठी दोन दिनार देऊन जातो. कथेच्या शेवटी येशू मूळ प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो प्रश्नच बदलतो. या तिघांपैकी त्या जखमी मनुष्याचा शेजारी कोण झाला, असे तो विचारतो. ग्रीक क्रियापद येथे ‘होणे’ या अर्थाचे आहे. मराठीतील ‘असणे’ आणि ‘होणे’ यांचा भेद या ठिकाणी फार उपयोगी पडतो. शेजारी असणे हे घराच्या जागेवर अवलंबून असते. शेजारी होणे हे माणसाच्या कृतीवर. ख्रिस्ती समाजकल्पनेचे मर्म कोठे आहे असे विचारल्यास या क्रियापदाकडे बोट दाखवावे लागेल. नाते आधी ठरलेले असते म्हणून कर्तव्य उत्पन्न होते, हा सामान्य क्रम. येथे कर्तव्य केल्याने नाते उत्पन्न होते.

५. करार आणि दत्तक

अशा रीतीने उत्पन्न झालेले नाते टिकावे कशाच्या बळावर? या प्रश्नाला बायबलचे उत्तर ‘बेरीथ’ या शब्दात आहे. मराठीत त्यासाठी ‘करार’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की ग्रंथाच्या दोन्ही भागांची नावेच त्यावरून पडली. तथापि करार म्हटले की दोन समान पक्षांतील अटींचा व्यवहार डोळ्यांपुढे येतो. एकाने अट मोडली की दुसरा मोकळा होतो. हीच अडचण प्राचीन ग्रीक भाषांतरकारांपुढेही होती. परस्परसंमतीच्या करारासाठी ग्रीकमध्ये ‘सिंथेके’ हा शब्द होता, परंतु त्यांनी तो टाळून ‘डिआथेके’ हा मृत्युपत्रासारख्या एकतर्फी व्यवस्थेचा वाचक शब्द पसंत केला. मराठी दफ्तरात या अर्थाला जवळचा शब्द ‘कौल’ हा होता, कारण पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला सरकार जो शब्द देई तो कौल होय. मात्र देवळात देवाला कौल लावण्याच्या प्रथेमुळे त्या शब्दाला वेगळाच धार्मिक अर्थ चिकटला होता. ‘करार’ हा त्या मानाने निर्धोक शब्द होता. त्याची किंमत म्हणून दिलेल्या शब्दाला जागण्याची छटा काहीशी मागे पडली. ख्रिस्ती परंपरा विवाहाला बेरीथचे प्रतिरूप मानते, याचा अर्थ या मागे पडलेल्या छटेतूनच उलगडतो.

‘दत्तक’ शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. पौलाच्या पत्रांत देव माणसांना दत्तकपुत्र म्हणून स्वीकारतो आणि ते त्याचे वारस होतात, अशी मांडणी आहे. तेथील ग्रीक शब्द रोमन जगातील दत्तकविधानावरून घेतलेला आहे. मराठी मुलखात हा शब्द एकोणिसाव्या शतकात ऐन प्रक्षोभाचा विषय झाला होता. १८४८ मध्ये सातारा व १८५४ मध्ये झाशी ही संस्थाने दत्तक वारस नामंजूर करून खालसा करण्यात आली. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक प्रामुख्याने घेणाऱ्याच्या गरजेसाठी असे : वंश चालावा, पिंडदान घडावे, वतन राखले जावे. मुलगा सजातीय असावा लागे; मुलगी दत्तक घेण्यास सर्व हिंदूंना कायद्याची मान्यता मिळाली ती १९५६ मध्ये. पौलाच्या मांडणीत देवाला वारसाची गरज नाही. दत्तकाचा लाभ घेणाऱ्याकडे नसून घेतला जाणाऱ्याकडे आहे आणि कुळाची अट पूर्णपणे गळाली आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात यहूदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हे भेद ख्रिस्तामध्ये उरत नाहीत असे तो म्हणतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात वाचकांना असे सांगितले आहे की ते आता परके व उपरी नसून देवाच्या घरचे झाले आहेत. ‘लेवीय’मध्ये सर्वच उपरी होते, येथे कोणीच उपरी उरत नाही. ख्रिस्ती समाजकल्पनेची वाटचाल या दोन विधानांच्या दरम्यान झाली आहे.

६. परंपरेतील मतभेद

हे विवेचन वाचून ख्रिस्ती परंपरा या बाबतीत नेहमी एकमुखी राहिली असा समज होऊ नये. त्याच इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पत्नीने पतीच्या आणि दासाने धन्याच्या अधीन राहावे अशीही शिकवण आहे. ईश्वरी योजना म्हणजे अधिकाराची ठरलेली उतरंड, असे मानणाऱ्यांनी या भागाचा आधार घेतला. अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांनी तो घेतला होता. विरोधकांनी त्याच ग्रंथातील फिलेमोनास लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखविले. त्यात पौल एका धन्याला, त्याच्याकडून निघून गेलेल्या अनेसिम या दासाला आता दास म्हणून नव्हे तर बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती करतो. स्त्री-पुरुषांच्या अधिकाराविषयीचा वाद विविध ख्रिस्ती पंथांत आजही मिटलेला नाही. वादाचे मूळ असे की, योजनेतील समता हा पाया मानून अधीनतेचे नियम तत्कालीन समजावेत, की अधीनता हाच योजनेचा भाग मानावा. ‘एझेर’ शब्दाची चर्चा पुनःपुन्हा उपस्थित होते ती यामुळेच.

७. महाराष्ट्र व गोवा येथील कसोटी

आपल्या प्रदेशात या कल्पनेची खरी कसोटी जातिव्यवस्थेने घेतली. गोव्यात फादर टॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले. ओवीछंदातील या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यापर्यंत त्यांनी मराठी धर्मभाषा आपलीशी केली. भाषा आपलीशी करणे जमले. समाजरचना बदलणे त्याहून कठीण ठरले. गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चारडो इत्यादी भेद टिकून राहिले आणि चर्चशी संलग्न बंधुमंडळांचे सदस्यत्वही दीर्घकाळ जातीनुसार चालत आले. ‘बंधुमंडळ’ या नावातच जो आशय आहे त्याला हा व्यवहार विसंगत होता, हे सांगावयास नको.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात चित्र वेगळे होते. तेथील ग्रामीण ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार व मांग समाजांतून आला. त्यांच्या कानांवर ‘वतन’ हा शब्द कसा पडला असेल याचा विचार करणे आवश्यक आहे. पाटलाचे वतन हा मान होता. महारवतन हे अल्प जमिनीच्या मोबदल्यात घरच्या माणसांना अहोरात्र राबविणारे बंधन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले ते या बंधनातून सुटका व्हावी म्हणूनच. ते विधेयक संमत झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. सौम्य जनांना पृथ्वीचे वतन मिळेल, या आशयाचे ‘मत्तय’मधील आश्वासन महारवाड्यातील श्रोत्याला एकाच शब्दात दोन गोष्टी सांगत होते : त्याला ठाऊक असलेले दास्य, आणि त्याला कधीच न मिळालेला हक्क. भाषांतरकारांच्या मनात हा ताण असो वा नसो, शब्दात तो होता.

जातीचे संस्कार बाप्तिस्म्याने आपोआप जात नाहीत, याची प्रांजळ नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. सोवळ्यात वाढलेल्या या बाईंचा विटाळाचा विचार पतीच्या धर्मांतरानंतर लगेच मावळला नाही. अंतर्मुख होऊन, जातिभेद मनुष्यकृत आहे अशी स्वतःची खात्री झाल्यावरच तो गेला. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले. हे नाव लक्षणीय आहे. दरबार म्हणजे जेथे प्रत्येकाची बैठक दर्जानुसार ठरलेली असते ते स्थान. त्याच शब्दाने टिळकांनी दर्जारहित बंधुत्वाचा निर्देश केला. सत्तेच्या परिभाषेतील शब्द घेऊन त्यात विरुद्ध आशय भरण्याची जी प्रक्रिया ‘वतन’ व ‘उपरी’ या शब्दांत दिसते, तीच येथे जाणीवपूर्वक झालेली आहे.

८. उपसंहार

ख्रिस्ती दृष्टीने मानवी समाजाची ईश्वरी योजना ही येणेप्रमाणे सांगता येईल : माणूस नात्यासाठी निर्माण झाला आहे, कोणाचाही हक्क मूळचा नसून सर्वजण आश्रयाने राहणारे आहेत, नाते जन्माने वा जागेने न ठरता कृतीने जोडले जाते, आणि ते अटींवर न टिकता दिलेल्या शब्दावर टिकते. मराठीत हा आशय हक्क, कुळ आणि जागा यांच्याच शब्दांत मांडावा लागला. त्यामुळे जुना अर्थ पूर्णपणे गेला नाही आणि नवा अर्थ निर्वेधपणे आला नाही. समाजात जे घडले तेच शब्दांत घडले.

या विषयात पुढील संशोधनास पुष्कळ वाव आहे. १८११ व १८२६ च्या आवृत्त्या, पंडिता रमाबाईंचे भाषांतर आणि आजचे रूढ भाषांतर यांतील नातेवाचक व हक्कवाचक शब्दांची स्थलनिहाय तुलना केल्यास, कोणता शब्द केव्हा आला, कोणता केव्हा वगळला गेला आणि त्या त्या काळातील दफ्तरी व बोलीभाषेशी त्याचा संबंध काय होता, हे निश्चित करता येईल. त्यासाठी ग्रामव्यवस्थेच्या इतिहासाचे आणि हिब्रू-ग्रीक या मूळ भाषांचे किमान ज्ञान अभ्यासकाने संपादन केले पाहिजे. ‘उपरी’सारखा एक शब्द नीट समजण्यासाठी पेशवे दफ्तर आणि ‘लेवीय’ ही दोन्ही एकाच मेजावर उघडी असावी लागतात.